पीएम सूर्यघर योजना, खारा वारा आणि आमचे छप्पर: एका वर्षाचा अनुभव

गुहागर तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरावर सौर पॅनेल बसवून १ जानेवारी २०२५ रोजी वीजनिर्मिती सुरू झाली. त्यानंतर एक उन्हाळा, एक लांबलेला पावसाळा, एक गणपती आणि एक दिवाळी असे पूर्ण वर्ष पार पडल्यावर, म्हणजे बारा वीजबिले हाताशी आल्यावरच, हे परीक्षण लिहीत आहे. पॅनेल बसवल्याच्या दुसऱ्या महिन्यात लिहिलेल्या कौतुकाला कोकणात फारसा अर्थ नसतो, कारण येथे कोणत्याही लोखंडी वस्तूची खरी परीक्षा पहिला पाऊस आणि त्यानंतरचा खारा वारा घेतो. परीक्षण दोन गोष्टींचे आहे: केंद्र सरकारच्या अनुदान योजनेचे आणि ती योजना आमच्या छपरावर उतरवणाऱ्या पुरवठादाराचे. योजनेबद्दल माझे मत चांगले आहे. पुरवठादाराबद्दल ते संमिश्र आहे, आणि त्याचे नाव मी येथे घेणार नाही, कारण ज्या चुका त्याने केल्या त्या या किनाऱ्यावर काम करणारा कोणीही करू शकतो.

प्रथम योजनेविषयी. ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ७५,०२१ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. एक कोटी घरांवर सौर यंत्रणा बसवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे अनुदान मिळते. तीन किलोवॅटच्या पुढे यंत्रणा कितीही मोठी बसवली तरी अनुदान ७८,००० रुपयांवर थांबते. याआधीच्या योजनेत तीन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे १४,५८८ रुपये मिळत असत, म्हणजे तीन किलोवॅटला सुमारे ४३,७०० रुपये. तेव्हा आम्ही एकदा हिशेब करून विषय सोडून दिला होता. नव्या आकड्यांनी तो पुन्हा उघडला.

घरात मी, पत्नी आणि आई अशी तीनच माणसे असली, तरी विहिरीवरचा पंप, शीतकपाट, आईच्या खोलीतील वातानुकूलन यंत्र आणि उन्हाळ्यात येणारी मुंबईची मंडळी यांमुळे आमचा वापर महिन्याला सरासरी २६० युनिटच्या आसपास जातो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटे स्वस्त असतात आणि १०१ ते ३०० या टप्प्यात दर जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे आमचे बिल अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान येत असे. सौर यंत्रणा कोणाला परवडते हे याच टप्प्यांवर ठरते. ज्याचा वापर दरमहा ८० युनिट आहे त्याची वाचणारी प्रत्येक युनिट स्वस्तातली असते. ज्याचा वापर तीनशेच्या पुढे जातो त्याची वाचणारी युनिटे महाग टप्प्यांतली असतात, म्हणून त्याची गुंतवणूक लवकर वसूल होते. विक्रेते हा फरक सांगत नाहीत. ते सर्वांना एकच ‘चार वर्षांत पैसे वसूल’ असे वाक्य ऐकवतात.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करायचा असतो आणि तो भरणे अवघड नाही. दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी आता लागत नाही, अर्ज आपोआप मंजूर धरला जातो. वीज ग्राहकांच्या हक्कांसंबंधीच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीचा हा परिणाम आहे. खरी अडचण त्याआधीची निघाली. आमचे वीजबिल माझ्या वडिलांच्या नावावर होते आणि वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती. कोकणात हे इतके सर्वसाधारण आहे की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. घरपट्टी आजोबांच्या नावावर, वीजबिल वडिलांच्या नावावर, सातबाऱ्यावर सोळा नावे आणि घरात राहणारा माणूस सतरावा, अशी घरे प्रत्येक वाडीत सापडतील. अनुदान मात्र ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात जमा होते, त्यामुळे बिल, आधार आणि बँक खाते या तिन्हींवर एकच नाव, तेही एकाच लिखाणाने, असावे लागते. बिलावर नाव बदलून घेण्यासाठी डोंबिवलीचे दोन भाऊ आणि पनवेलची आत्या यांची संमतिपत्रे मिळवण्यात आमचे सात आठवडे गेले. धाकट्या भावाला आधी वाटले की सौर पॅनेलच्या निमित्ताने मी घरच माझ्या नावावर करून घेत आहे. वीजबिलावरचे नाव हा मालकीचा पुरावा नसतो, हे त्याला पटवून देण्यासाठी मला मुंबईला जाऊन यावे लागले. ज्यांना ही योजना घ्यायची आहे त्यांनी पॅनेलची चौकशी करण्याआधी हे एक काम हातावेगळे करावे.

आम्ही तीन पुरवठादारांची दरपत्रके मागवली. ५४० वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र), अशी मागणी तिघांनाही सारखीच दिली होती. दर १,८५,००० पासून २,२४,००० रुपयांपर्यंत आले. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनुदानासाठी यंत्रणेची क्षमता पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जी कमी असेल ती धरली जाते, त्यामुळे सर्वांत स्वस्त दरपत्रकात सुचवलेला अडीच किलोवॅटचा इन्व्हर्टर घेतला असता तर दरात वाचलेली रक्कम अनुदानात गमावली असती. शिवाय अनुदानासाठी पॅनेलमधील सौर घटही (सोलर सेल) भारतातच तयार झालेले असावे लागतात. बाजारात स्वस्त मिळणारी पॅनेल बरेचदा आयात घटांची असतात आणि त्यांवर अनुदान मिळत नाही. एका विक्रेत्याने ‘अनुदानाचे सोडा, मी तेवढेच कमी दराने देतो’ असे सांगून पाहिले. त्याला आम्ही चहा पाजून परत पाठवले.

आम्ही मधल्या, १,९८,००० रुपयांच्या दरपत्रकाला होकार दिला. त्या वेळी सौर साहित्यावर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे आज हेच काम काही हजारांनी स्वस्त पडायला हवे. सौर कर्जासाठी बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचे विनातारण कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर इतर वैयक्तिक कर्जांपेक्षा बराच कमी असतो. आम्ही कर्ज न घेता भातशेतीच्या जागेच्या भाडेपट्ट्याचे पैसे वापरले, त्यामुळे कर्जाच्या बाजूचा अनुभव मला सांगता येणार नाही.

आता छपराकडे वळतो, कारण अनुदान योजनेच्या कागदांत जे दिसत नाही ते सर्व तेथे आहे. आमचे मूळ घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. कौलांवर पॅनेल बसवता येतात, पण वाशांमध्ये आधार शोधावा लागतो, कौले फुटतात आणि गळती सुरू झाली की ती कोठून होते हे कोणालाच कळत नाही. सुदैवाने पडवीच्या बाजूला १९९८ मध्ये वडिलांनी घातलेला स्लॅब होता. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, ती तेथे होती. अडचण नारळांची होती. स्लॅबच्या पूर्वेला तीन माड आहेत आणि हिवाळ्यात सकाळी साडेनऊपर्यंत त्यांची सावली पॅनेलच्या नियोजित जागेवर पडत असे. एका इन्व्हर्टरला जोडलेली सहा पॅनेल मालिकेत असतात, त्यामुळे एका पॅनेलवर पडलेली झावळीची सावली त्या एका पॅनेलपुरती राहत नाही, तिचा परिणाम सगळ्या रांगेच्या निर्मितीवर होतो. पुरवठादाराने दोन माड तोडण्याचा सल्ला दिला. आईने तो ऐकला आणि त्या माणसाला विचारले, ‘नारळ तुझ्या त्या काचा देणार आहेत का रे?’ अखेर पॅनेलची रांग चार फूट पश्चिमेकडे सरकवली, सकाळची तासाभराची निर्मिती सोडून दिली आणि माड वाचले. सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे सतरा अंश, ठेवला आहे.

पुरवठादाराविषयीची माझी पहिली तक्रार सांगाड्याची. दरपत्रकात ‘जीआय स्ट्रक्चर’, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा सांगाडा, एवढेच लिहिले होते आणि मीही अधिक विचारले नाही. प्रत्यक्षात आलेले पाइप पातळ होते. आधीच जस्त चढवलेल्या पत्र्यापासून ते बनवलेले होते आणि जागेवर कापून, भोके पाडून जोडायचे होते. जेथे कापले आणि भोक पाडले तेथे आतले लोखंड उघडे पडते, त्यावर चंदेरी रंगाचा एक हात मारून काम पूर्ण झाले असे सांगितले गेले. नट-बोल्ट साध्या लोखंडाचे, वरून जस्ताचा पातळ मुलामा दिलेले होते. समुद्रापासून दोनशे मीटरवर असा सांगाडा म्हणजे खिडकीच्या गजासारखाच दोन पावसाळ्यांत गंजणारा. सगळा भाग कापून, भोके पाडून झाल्यावर मग वितळलेल्या जस्तात बुडवलेला, म्हणजे ‘हॉट डिप’ केलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आम्ही नंतर मागून घेतले. त्याचे २२,००० रुपये वेगळे मोजावे लागले आणि कामाला तीन आठवडे उशीर झाला. ॲल्युमिनियमच्या चौकटीला जेथे स्टील टेकते तेथे मध्ये रबरी चकत्याही घालून घेतल्या, कारण दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की त्यांतला एक झिजत जातो. होड्यांच्या इंजिनावर काम करणाऱ्या आमच्या गावातील मेकॅनिकला हे शाळेत न शिकता ठाऊक आहे. रत्नागिरीहून आलेल्या अभियंत्याला ते मला सांगावे लागले.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दापोली-मंडणगडकडील छपरांचे पत्रे कागदासारखे उडाले होते आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून वर गेले. हे पाहिलेल्या माणसाला पॅनेल म्हणजे वाऱ्यात उभे केलेले शीड दिसते. एका पॅनेलचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास असते, पण खालून वारा शिरला की वजन फारसे उपयोगी पडत नाही. सांगाडा स्लॅबवर नुसता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवायचा की स्लॅबमध्ये रसायन भरून बोल्टने पकडायचा, यावर दोन दिवस वाद झाला. आम्ही बोल्टचा आग्रह धरला, प्रत्येक भोकाभोवती जलरोधक लेप लावून घेतला आणि पॅनेलची स्लॅबपासूनची उंची कमी ठेवली. दिसायला ते बुटके दिसते, पण जूनमधल्या वाऱ्यात पत्नीने एकदाही वर पाहिले नाही, हे मी चांगले लक्षण मानतो.

अर्थिंगचा विषय कोणत्याही जाहिरातीत नसतो आणि कोकणात तो सर्वांत त्रासाचा आहे. यंत्रणेला तीन वेगळे अर्थिंग लागतात: एक आकाशातील विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकासाठी, एक पॅनेलच्या बाजूच्या डीसी प्रवाहासाठी आणि एक घराच्या बाजूच्या एसीसाठी. देशावरच्या काळ्या मातीत खड्डा खणला की काम होते. आमच्या अंगणात दोन फुटांखाली कातळ लागतो, आणि जांभा पावसाळ्यात पाण्याने भरलेला असला तरी मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यामुळे जमिनीचा विद्युत् रोध वाढतो. पुरवठादाराच्या माणसांनी अडीच फुटांचा खड्डा करून, मीठ-कोळसा घालून, सळई उभी केली आणि नोव्हेंबरच्या ओलीत मापक पाहून समाधान मानले. मी पैसे रोखून धरले. विहिरीजवळच्या मातीच्या पट्ट्यात ड्रिलने खोल भोक पाडून, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरून दोन अर्थिंग पुन्हा करून घेतले आणि तिसऱ्याची तांब्याची पट्टी तेथपर्यंत ओढून घेतली. खर्च ९,००० रुपये. मे २०२५ च्या विजा चमकल्या त्या रात्री शेजारच्या घरातील दूरदर्शन संच गेला, आमचे काही गेले नाही. हा योगायोगही असू शकेल, पण मी हे नऊ हजार पुन्हा खर्च करीन.

बसवण्याचे काम संपल्यानंतरची प्रक्रिया मला अपेक्षेपेक्षा सरळ वाटली. पुरवठादाराने छपरावर आमचे यंत्रणेसह छायाचित्र काढून, ते पॅनेलच्या क्रमांकांसह पोर्टलवर चढवले. तपासणी झाली, येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारे नेट मीटर बसले आणि पोर्टलवर कार्यान्वित झाल्याची नोंद दिसली. त्यानंतर बँक खात्याचा तपशील भरून अनुदानाची मागणी नोंदवायची असते. ७८,००० रुपये चोविसाव्या दिवशी माझ्या खात्यात जमा झाले. यासाठी कोणाकडे खेटे घालावे लागले नाहीत आणि कोणाला चहापाण्याला काही द्यावे लागले नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण गावात अजूनही बहुतेकांचा प्रश्न ‘खरेच पैसे येतात का?’ एवढाच असतो. पैसे येतात. मात्र ते नंतर येतात, आधी सगळी रक्कम आपल्या खिशातून किंवा कर्जातून उभी करावी लागते. जो पुरवठादार ‘अनुदान वजा करून उरलेलेच द्या’ म्हणतो त्याच्याशी काय ठरते ते कागदावर लिहून घ्यावे.

आता बारा महिन्यांचे आकडे. जानेवारीत ३४५ युनिट, फेब्रुवारीत ३५०, मार्चमध्ये ४०५ आणि एप्रिलमध्ये ३९५ युनिट निर्मिती झाली. मे महिन्याकडून तेवढीच अपेक्षा होती, पण २०२५ चा मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला आणि त्याआधीचा आठवडाही अवकाळीत गेला, म्हणून मे २९० वर थांबला. जून २०५, जुलै १६०, ऑगस्ट १८५, सप्टेंबर २४०. ऑक्टोबरातही पावसाने पाठ सोडली नाही, तरी ३०० झाले. नोव्हेंबर आणि डिसेंबर अनुक्रमे ३३५ आणि ३४०. एकूण ३,५५० युनिट. आमचा वर्षाचा वापर ३,१३५ युनिट होता. या दोन आकड्यांकडे पाहिले तर बिल वर्षभर शून्य यायला हवे, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण नेट मीटरच्या हिशेबात आहे.

नेट मीटर दोन्ही दिशांना मोजतो. दिवसा उरलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे महावितरणच्या तारांच्या जाळ्यात, जाते, रात्री आपण ग्रिडमधून घेतो, आणि महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. वीज उरली तर ती पुढच्या महिन्यात खात्यावर जमा राहते. महाराष्ट्रातील २०१९ च्या विनियमांनुसार ही जमा आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, चालते. त्या दिवशी उरलेली युनिटे राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या सर्वसाधारण दराने विकत घेतली जातात आणि हा दर आपण वीज घेताना देतो त्यापेक्षा बराच कमी असतो. देशावरच्या ग्राहकाला याचे फारसे सोयरसुतक नसेल. कोकणातला पावसाळा मात्र जूनपासून सुरू होतो आणि त्याची बेगमी करण्याचे महिने ऑक्टोबर ते मार्च हे असतात. आमच्या खात्यावर मार्चअखेर ३८५ युनिटे शिल्लक होती. ती तेथेच हिशेबात निघून गेली. एप्रिलला पाटी कोरी झाली, एप्रिल-मेमधून जेमतेम ३५ युनिटे हाती राहिली आणि ती जूनने खाल्ली. जुलैचे बिल सुमारे सहाशे, गणपतीच्या तयारीच्या ऑगस्टचे सातशे आणि सप्टेंबरचे साडेतीनशे रुपये आले. उरलेल्या महिन्यांत स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क धरून दीडशेच्या आसपास. ‘मोफत वीज’ या शब्दांत हा स्थिर आकार धरलेला नसतो, तो छपरावर कितीही ऊन पडले तरी भरावाच लागतो. वर्षाचा हिशेब मात्र आमच्या बाजूनेच राहिला: पूर्वी ३४-३५ हजारांच्या घरात जाणारा खर्च तीन हजारांवर आला. अनुदान वजा जाता आमच्या खिशातून १,५१,००० रुपये गेले, ते पाच वर्षांच्या आत भरून येतील असे दिसते.

या हिशेबातून चाकरमान्यांच्या बंद घरांविषयीचे माझे मतही तयार झाले. गणपतीचे दहा दिवस आणि मे महिना सोडला तर ज्या घराला कुलूप असते त्या घरावर तीन किलोवॅटची यंत्रणा बसवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. वर्षभर तयार झालेली जवळजवळ सगळी वीज मार्चअखेर कमी दराने जाईल, पॅनेलवर पक्ष्यांची विष्ठा साचत राहील आणि काही बिघडले तर ते पुढच्या गणपतीला कळेल. मुंबईच्या भावाने हाच प्रश्न विचारला होता, त्याला मी हेच सांगितले.

सर्वांत मोठा गैरसमज वीज जाण्याविषयीचा आहे आणि तो आमच्या घरातही होता. पावसाळ्यात आमच्याकडे तारांवर फांदी पडते, खांब कलतो आणि वीज जाते. आमच्याच तालुक्यात अंजनवेलला १,९६७ मेगावॉटचा वायूवर चालणारा प्रकल्प आहे, जो एन्रॉनच्या काळात गाजला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा उभा राहिला. त्याच्या चिमण्या दिसतात त्या गावांतही जुलैच्या रात्री कंदील पेटतात. तेव्हा छपरावर स्वतःची वीज असली की अंधार संपेल, असे आईला वाटले होते. ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा ग्रिड गेली की स्वतःही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला घरोघरच्या छपरांवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे. पण भर दुपारी लख्ख ऊन असताना, सहा पॅनेल डोक्यावर असताना पंखा बंद पडलेला पाहून आईने जे काही म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. बॅटरीसह संकरित यंत्रणा घेतली तर हा प्रश्न सुटतो, पण बॅटरीच्या खर्चावर या योजनेत अनुदान नाही. आम्ही जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी तशीच ठेवली आहे. विक्रेत्याने ही गोष्ट आधी स्पष्ट सांगायला हवी होती. त्याने ‘वीज जाणार नाही’ असे शब्द वापरले नाहीत हे खरे, पण आम्ही तसे समजत आहोत हे दिसत असूनही तो गप्प राहिला.

दुसरी तक्रार तारेची. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, निर्मिती सर्वाधिक असायला हवी तेव्हाच, इन्व्हर्टर पाच-दहा मिनिटे बंद पडून पुन्हा सुरू होत असे आणि पडद्यावर ग्रिडचा विद्युत् दाब (व्होल्टेज) जास्त असल्याची खूण येई. आम्ही डीपीच्या (गावाला वीज देणाऱ्या रोहित्राच्या) शेवटच्या टोकाला आहोत, त्यामुळे दाबाचे चढउतार येथे जास्त असतात, असे सांगून पुरवठादाराने विषय संपवला. एका निवृत्त वायरमन काकांनी मात्र पाहिल्या पाहिल्या सांगितले की दोष तारेत आहे. इन्व्हर्टर स्लॅबवर आणि मीटर रस्त्याकडेच्या भिंतीवर, मध्ये चाळीस मीटरचे अंतर, आणि त्यात अडीच चौरस मिलिमीटरची तार टाकलेली. वीज ग्रिडकडे ढकलताना या बारीक तारेतच सात-आठ व्होल्ट जास्त लागत होते आणि तेवढ्यानेच इन्व्हर्टर आपली मर्यादा ओलांडत होता. सहा चौरस मिलिमीटरची तार टाकल्यावर हा फरक तीन व्होल्टवर आला आणि बंद पडणे जवळजवळ थांबले. तारेचे पैसे पुरवठादाराने दिले, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. जुलैमध्ये इन्व्हर्टरचा पंखा बिघडला तेव्हा मात्र तो एकोणीस दिवसांनी आला. योजनेनुसार पाच वर्षे देखभालीची जबाबदारी पुरवठादाराचीच असते, तरी खेर्डी-चिपळूणपलीकडून येणाऱ्या माणसाला पावसात गुहागरचा घाट दूर वाटतो. म्हणून दर पाच हजारांनी जास्त असला तरी तालुक्यातला किंवा निदान शेजारच्या तालुक्यातला पुरवठादार घ्यावा, असे मला आता वाटते.

बाकी किरकोळ. माकडांनी दोन वेळा पॅनेलखालच्या तारा ओढल्या, त्यानंतर तारा पाइपमध्ये घालून घेतल्या. मार्च-एप्रिलमध्ये लाल धूळ आणि मिठाचा पापुद्रा बसतो. पंधरा दिवसांनी एकदा पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्याने धुतले की पुरते.

आमच्या बिलांची चर्चा वाडीत झाल्यावर पलीकडच्या घरातील काकींनी चौकशी केली. त्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे आणि वापर महिन्याला साठ-सत्तर युनिटच्या पुढे जात नाही. वर म्हटल्याप्रमाणे अशा घराला तीन किलोवॅटचा उपयोग नाही. पण राज्य सरकारच्या ‘स्मार्ट’ योजनेत अशा ग्राहकांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात, त्यामुळे त्यांच्या खिशातून जाणारी रक्कम फारच थोडी राहते. त्यांच्या घराच्या जोडणीवरही सासऱ्यांचेच नाव होते. ते बदलून झाले आहे. पुढच्या आठवड्यात छप्पर पाहायला माणूस येणार आहे, आणि काकींनी त्या दिवसासाठी माझ्याकडचे लोहचुंबक मागून नेले आहे. बोल्टला ते घट्ट चिकटले तर तो स्टेनलेस स्टीलचा नाही असे समजून बोल्ट परत पाठवायचे, एवढेच त्यांनी माझ्याकडून शिकून घेतले.